शेरा : वगळा

५ फेब्रुवारी २०२४, सोमवार. अमळनेर

पतसंस्थेची मुख्य कचेरी आणि सात शाखा. इथे आमच्या कंपनीची नवी संगणक प्रणाली बसवायची. कंपनीचा अधिकृत अहवाल दर शुक्रवारी पुण्याला जातो, त्यात हिरवे-पिवळे-लाल ठिपके असतात. ही वही माझी. ज्याला ठिपका नाही ते इथे.

आज नुसती पाहणी. जुनी प्रणाली फॉक्सप्रो या डेटाबेस सॉफ्टवेअरमधली, २००३ साली जळगावच्या एका माणसाने लिहून दिलेली. तो आता केळी लावतो. फोन उचलतो, गोड बोलतो, पण सोर्स कोड जुन्या हार्डडिस्कबरोबर गेला म्हणतो. मायक्रोसॉफ्टने फॉक्सप्रोची शेवटची आवृत्ती २००४ मध्ये काढली आणि जानेवारी २०१५ मध्ये तिचा सपोर्ट संपवला. इथल्या संगणकांवरच्या विंडोज एक्सपीचा तर त्याआधीच, एप्रिल २०१४ मध्ये. म्हणजे इथला कारभार नऊ-दहा वर्षं रामभरोसे. तेरीज, म्हणजे जमा-नावेचा ताळा, मात्र रोज पैशापर्यंत जुळते.

मुख्य रोखपाल म्हणजे नाना. काळा पडदा, पिवळी अक्षरं, माउसला धूळ. भरणा घेताना स्क्रीनकडे बघतच नाहीत. डावा हात नोटांवर, उजवा आकड्यांवर. मी मोजलं, एका भरण्याला नऊ कळा. आपल्या प्रणालीत तीन पडदे, दोन ठिकाणी यादीतून निवड, आणि शेवटी 'आपली खात्री आहे का?'

नाना म्हणाले, "खात्री नसती तर लिहिलं असतं का?"

१४ फेब्रुवारी, बुधवार

खातेदारांची नावं जुन्या मराठी फॉन्टमध्ये साठवलेली आहेत. त्या फॉन्टात अक्षर म्हणजे चित्र. पहिली वेलांटी आधी, व्यंजन नंतर. रफार व्यंजनाच्याही नंतर. युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या संगणकांच्या अक्षर-संकेतात, उलट. रफाराचा र् आधी यायला लागतो आणि वेलांटी मागून. आपल्या रूपांतराच्या स्क्रिप्टने वेलांट्या सरकवल्या, रफार जिथल्या तिथे ठेवला. दुर्गाबाईंच्या झाल्या दुगार्बाई, पार्वताबाईंच्या पावर्ताबाई.

नानांनी छापील यादी चष्मा कपाळावर चढवून वाचली. "पावर्ताबाई? या वीज मंडळातून रिटायर झाल्या का?"

सगळी कचेरी हसली, मीही. दिवसभरात हसलो तेवढंच. रात्री दीडपर्यंत स्क्रिप्ट दुरुस्ती.

२२ फेब्रुवारी, गुरुवार

चहाच्या वेळी चेअरमन आबांनी नेहमीचं सुनावलं: "आयटी आम्हाले काय शिकाडता, आयटी तं आमच्या गावची." खोटं नाही. विप्रोची सुरुवात १९४५ साली इथेच, वनस्पती तेलाच्या कारखान्यापासून झाली. संगणक फार पुढे, ऐंशीच्या दशकाच्या आसपास आले. अमळनेरात अजून कुणाच्या तरी आजोबांच्या शेअरची गोष्ट निघाल्याशिवाय लग्नाची पंगत उठत नाही.

आबा गेल्यावर नाना बोलते झाले. मला वाटत होतं हा माणूस यंत्राच्या विरोधात आहे. मी अहवालात तसं लिहिलंही आहे: 'वापरकर्त्याचा विरोध, जोखीम पिवळी.' निघालं भलतंच. २००३ मध्ये संगणक आला तेव्हा जुने हेडक्लार्क खतावणी सोडायला तयार नव्हते. रात्री कचेरीत थांबून सगळ्या खात्यांच्या शिल्लका एकट्याने चढवल्या त्या नानांनी. दोन वर्षं लागली. त्यांचे मोठे बंधू सरकारी बँकेत होते. ऐंशीच्या दशकात बँकांच्या संघटना यंत्रीकरणाला हरकत घेत होत्या, त्यावर करार होत होते, रंगराजन समितीचा अहवाल १९८४ मध्ये आला. भावाने तेव्हा घरी येऊन सांगितलं होतं, मशीनला भिऊ नको, मशीन आणणाऱ्याने तुला विचारलं का ते बघ.

"मले कोन्ही इचारं नही," नाना म्हणाले. मग माझ्याकडे बघून शुद्ध मराठीत, "तुम्हाला विचारलं होतं का, भाऊ? हे सॉफ्टवेअर घ्यायचं का म्हणून?"

नव्हतं विचारलं. मला तर अमळनेरला जायचंय हेही आदल्या संध्याकाळी कळलं.

निवृत्तीला त्यांचे अकरा महिने उरलेत.

६ मार्च, बुधवार

मॅपिंग. जुन्या प्रणालीचे ११२ रकाने, नव्यात कुठे काय जाणार ते एकेक ठरवायचं. सकाळी सहा दहाला एरंडोल शाखेचा फोन, प्रिंटर. नऊला पारोळा, पुन्हा प्रिंटर. दुपारी पुण्याची बैठक दोन तास. संध्याकाळी सातला मॅपिंगला बसलो.

पासबुकाची रांग: जुळवली. वारस: जुळवला. अंगठा/सही: जुळवलं. शेरा, ३० अक्षरं, मोकळा मजकूर: वगळा. बाकीचे उद्या.

३१ मार्च, रविवार

वर्षअखेर. आठ ठिकाणी आठ प्रश्न. काही लिहीत नाही.

१५ एप्रिल, सोमवार

समांतर काम सुरू. दिवसभर जुन्यात नोंदवायचं, संध्याकाळी तेच नव्यात. माणसं तेवढीच, पगार तेवढाच, काम दुप्पट. आणि वर आपण त्यांना सांगतो की यामुळे तुमचं काम हलकं होणार आहे.

पिग्मीवाल्या जिभाऊंना मोबाइलवरचं ॲप दिलं. दुकानदार मेसेज बघायला तयार नाहीत, त्यांना मशीनमधून निघणारी चिठ्ठीच हवी. जिभाऊंनी तोडगा काढला: ॲपमध्ये नोंद, आणि खिशातल्या जुन्या वहीचं पान फाडून हाताने चिठ्ठी. मी अडवलं नाही.

दुपारी प्रशिक्षण. एका शाखेतल्या ताईंनी तिसऱ्यांदा विचारलं, की पैसे काढण्याची नोंद चुकून दोनदा झाली तर मागे कसं जायचं. मी आवाज चढवला. मोठ्याने नाही, पण सगळ्यांनी ऐकलं असा. त्या खाली बघून वहीत काहीतरी लिहीत राहिल्या. चहाला उठल्या तेव्हा वही उघडी होती: 'साहेब चिडतात. परत विचारू नये.'

मी त्यांच्यापेक्षा सहा वर्षांनी लहान आहे, आणि साहेब तर नाहीच.

८ मे, बुधवार

गो-लाइव्ह, म्हणजे नव्या प्रणालीवर खरं काम सुरू. हा दिवस पुण्याहून ठरला, कारण त्यांच्या तक्त्यात शुक्रवारी १० तारखेला अक्षय तृतीया, पुढे शनिवार-रविवार, सोमवारी १३ ला मतदान. म्हणजे 'कमी व्यवहारांचा आठवडा'. मी फेब्रुवारीत मेल केला होता की खान्देशात ती नुसती अक्षय तृतीया नसते, आखाजी असते. सालदाराचं साल आखाजीला संपतं, त्याच दिवशी नवं ठरतं. त्याचे पैसे आधी घरात यावे लागतात. लेकी माहेरी येतात, आंबे, सांजोऱ्या, झोके, आणि गड्यांच्या पत्त्यांच्या बैठका, तिथेही पैसे लागतातच. वर्षातली सगळ्यात मोठी उचल या दोन दिवसांत असते. मेलला उत्तर आलं होतं, 'नोंद घेतली.'

साडेदहाला रांग दाराबाहेर, अकराला लिंबाच्या झाडापर्यंत. सर्व्हर अकरा वीसला गुडघ्यावर. पडद्यावर फिरतं चक्र. एक म्हातारे खिडकीशी आले, "काय भो, आते काय व्हयनं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. दोन शाखांतून रोकड हलवायची होती; आचारसंहितेत पन्नास हजारांवर रोकड नेताना कागद हवा, आणि तो कागद नव्या प्रणालीतून निघणार होता.

नाना उठले. कपाटातून लाल कापडाची रोजकीर्द काढली. खिडकीत मांडली, पेनाचं टोपण दातांत धरलं. "नंबर सांगा. नाव सांगा. किती?"

रांग चालू लागली.

रात्री दोघं बसलो. २१४ नोंदी हाताच्या, नव्यात चढवायच्या. दीड वाजता २७० रुपयांचा फरक. मी वरून पुन्हा तपासायला लागलो. नाना भिंतीला टेकून डोळे मिटून होते. "नऊने भाग जातो का?"

"जातो. तीस."

"मग आकडे उलटे पडलेत. शोध."

१,२५० च्या जागी मी १,५२० टाकले होते. नानांच्या कीर्दीत एकही चूक नाही.

शुक्रवारच्या अहवालात ठिपका हिरवा गेला. 'किरकोळ अडचणींसह यशस्वी.'

१० मे, शुक्रवार

आखाजी. घरी घागर भरली. जेवताना अकरा फोन. मुलगी झोक्यावर बसून ओरडत होती, पप्पा ढकला. एका हाताने ढकललं.

२१ मे

यु. ए. ९.

२३ मे

यु. ए. ६. प्रिंटर २. ऊन असं की दुपारी मोटरसायकलच्या सीटला हात लागत नाही. पारोळ्याच्या शाखेसमोर पोचलो आणि आत गेलो नाही. रस्त्यापलीकडे रसवंतीत पंचवीस मिनिटं बसलो. रसही मागवला नाही, रसवंतीवाल्याने आपणहून पाणी आणून ठेवलं.

३१ मे

जुनी प्रणाली कायमची बंद. नानांनी शेवटची तेरीज छापली, सही केली, घडी घालून खिशात ठेवली.

२४ जून, सोमवार

हे सविस्तर लिहितो.

एक आजी आल्या. कापसाच्या बियाण्याला पैसे काढायचे होते. खात्यावर ३१२ रुपये. त्यांच्या हिशेबाने चाळीस हजारांच्या वर हवे होते. त्या खिडकीशी उभ्या राहून शांतपणे म्हणाल्या, "मन्हा पैसा कथा गयात?"

नोंद बघितली. ११ जूनला दुसऱ्या एका शाखेतून चाळीस हजार काढलेले. पावतीवर अंगठा, साक्षीदाराची सही. पैसे नेले नातवाने. आजी झोपलेल्या असताना अंगठा घेतला की काय, ते त्यालाच माहीत. साक्षीदार त्याचाच मित्र.

मी नेहमीप्रमाणे तिकीट, म्हणजे तक्रारीची नोंद, उघडलं. अंगठ्याने पैसे देताना खातेदार समोर असल्याची खात्री खिडकीवरच्या रोखपालाने करायची असते, ती केली नाही. यु. ए. तिकीट बंद. चाळीस सेकंद.

नानांनी ड्रॉवरमधून शंभर पानी वही काढली. आजींचा खाते क्रमांक, पुढे त्यांच्या अक्षरात: 'आजी समोर तरच. पोर आलं तर नाही.'

"हे तुम्ही वहीत का ठेवलंत?"

"वहीत मागून उतरवलं. आधी मशीनमध्येच होतं. वीस वर्षं. खातं उघडलं की खाली यायचं." मग एकदम खालच्या आवाजात, "शेरा कोणी काढला, भाऊ?"

२५ जून, मंगळवार

मॅपिंगची फाइल उघडली. ओळ ४७. रकाना: शेरा. निर्णय: वगळा. कोणी: माझी आद्याक्षरं. ६ मार्च, रात्री ११.५२.

जुन्या बॅकअपमधून फॉक्सप्रोची ती डीबीएफ फाइल काढून बघितली. ३० अक्षरांच्या त्या खिडकीत वीस वर्षांत किती क्लार्कांनी काय काय कोंबलंय. 'डावा अंगठा, उजवा कापला.' 'तिघे एकाच नावाचे, हा विहिरीवाला.' 'ऐकू येत नाही, लिहून दाखवा.' 'नवऱ्याला शिल्लक सांगू नये.' 'कापूस विकला की भरतो, नोटीस नको.' 'बाई सुरतला, भाऊ येतो, चालेल.' नोंदी लिहिणारे निम्मे लोक निवृत्त झालेत, दोन वारले.

मला हे दिसलं नव्हतं असं नाही. दहा-बारा ओळी चाळल्याचं आठवतं. 'मोकळा मजकूर' म्हणजे स्वच्छ न होणारा डेटा, म्हणजे आणखी तीन दिवस. रात्रीचे बारा वाजत आले होते.

शाखेतल्या त्या ताईंना फोन केला. त्याच, एप्रिलच्या प्रशिक्षणातल्या. म्हणाल्या, "शंका आली होती हो. फोन करावा असं वाटलं होतं." पुढचं त्या बोलल्या नाहीत.

वरिष्ठांना सगळं सांगितलं. म्हणाले, तोंडी ठीक आहे, मेलवर नको. मी मेल केला.

८ जुलै, सोमवार

आबा आणि दोन संचालक आजींच्या घरी दोनदा जाऊन बसले. मुलाने, म्हणजे त्या नातवाच्या बापाने, पंचवीस हजार भरले. उरलेले कापूस निघाल्यावर. पोलिसांत जायला आजीच तयार नाहीत.

मी डॉक्टरकडे गेलो, हिच्या आग्रहाने. रक्तदाब दीडशे-शंभर. झोप विचारली. फोन वाजत नसताना वाजल्यासारखा होतो का, हेही विचारलं. मी सांगितलं नव्हतं, तरी.

घरी येऊन वाचलं. बर्नआउट हा शब्द १९७४ मध्ये हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने वापरात आणला, न्यूयॉर्कच्या मोफत दवाखान्यात राबणारे स्वयंसेवक बघून. म्हणजे काम आवडणारीच माणसं होती ती. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या यादीत, जी १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे, तो आजार म्हणून नाही. नोकरीतून येणारी अवस्था म्हणून आहे. खुणा तीन. त्राण संपणं. कामापासून मन तुटणं, त्याबद्दल कडवटपणा येणं. आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं.

पहिली खूण सगळ्यांनाच दिसते, घरच्यांना तर आधी. दुसरी मी या वहीत शोधली. फेब्रुवारीत लिहितो: 'एरंडोलच्या काकांना पासबुक दोन ओळी खाली छापलं जातंय, रिबन नव्हे, कागदाची पकड सैल.' मे महिन्यात लिहितो: 'यु. ए. ९.' युजर एरर. नऊ माणसं. त्यांतल्या एकाचंही तोंड आठवत नाही. आमच्या धंद्यात या दोन अक्षरांवर विनोद चालतात, मीही केलेत. तीच दोन अक्षरं आजींच्या तिकिटावर आहेत. ते तिकीट मी पुन्हा उघडलं आणि कारणाच्या जागी ओळ ४७ लिहिली.

१९ जुलै, शुक्रवार

एका सुरक्षा सॉफ्टवेअरच्या सदोष अपडेटने जगभर विंडोजची मशीनं निळी पडली. विमानतळ, दवाखाने, बँका. मायक्रोसॉफ्टचा अंदाज ८५ लाख मशीनं. आपल्याकडे ते सॉफ्टवेअर नाहीच. तरी सात शाखांतून सतरा फोन: आपलं पण बंद पडणार का? प्रत्येकाला नीट सांगितलं. त्या मशीनांपुढे आज कोण कोण बसलं असेल, दर मशीनला हाताने सुरू करत, याचाच विचार रात्रभर.

नानांचाही फोन आला. शंका नव्हती. "टीव्हीवर बघितलं. रोजकीर्द बाहेर काढून ठेवलीय. तुम्ही झोपा."

६ ऑगस्ट, मंगळवार

शेऱ्याचा रकाना परत घेण्याची मंजुरी आली. मेलवरच आली. मी मागितलं होतं की काय ठेवायचं ते नाना आणि शाखांचे क्लार्क ठरवतील, आम्ही नाही. वरिष्ठांनी विचारलं, त्याने काय फरक पडतो? त्यांना व्हर्जिनियातल्या पायजमे शिवणाऱ्या कारखान्याचा जुना अभ्यास पाठवला होता, कॉक आणि फ्रेंच यांचा, १९४८ मध्ये छापलेला. कामाची पद्धत बदलताना ज्या गटाला नुसतं कळवलं, त्याचं उत्पादन पडलं ते पडलंच, काही जण नोकरी सोडून गेले. ज्यांना बदल ठरवताना सोबत घेतलं ते लवकर पूर्वपदावर आले आणि पुढे गेले. वरिष्ठांनी वाचला की नाही कोण जाणे. 'पुढे जा' एवढं उत्तर.

दुसरी मागणी होती, फोन दहा ते सहा आणि सोबत एक माणूस. माणूस मिळाला, एक आड एक शनिवारी, धुळ्याचा एक नवा मुलगा. फोनचं 'विचाराधीन' आहे.

२६ ऑगस्ट, सोमवार

१,९६३ शेरे. त्यात नुसत्या रेघा, टिंबं, कुणाच्या पोराने दाबलेल्या कळा वगळून १,२७४. नाना आणि त्या ताई समोरासमोर बसून एकेक वाचतात, नाना सांगतात, ताई टाइप करतात. मेलेल्यांचे काढायचे का यावर अर्धा तास वाद. नाना म्हणे राहू द्या, वारस येतो तेव्हा कामाला येतं. राहू दिले. 'नवऱ्याला शिल्लक सांगू नये' सगळ्यांना दिसावं का, की फक्त मुख्य कचेरीत? हा प्रश्न ताईंनी काढला. आमच्या कुणाच्या डोक्यात आला नव्हता. रकान्याला दोन पातळ्या केल्या.

दुपारी ताईंनी मला विचारलं, नोंद चुकून दोनदा झाली तर मागे कसं जायचं. दाखवलं. त्यांनी करून पाहिलं, मग मुद्दाम चुकवून पुन्हा करून पाहिलं.

२ सप्टेंबर, सोमवार. पोळा

कचेरी अर्धा दिवस. आबांच्या बैलांच्या शिंगांना रंग लावायला सगळे गेले. मी आणि नाना मागे. शेऱ्यांची शेवटची चाचणी घ्यायची होती. चाचणीसाठी फेब्रुवारीत एक खोटं खातं उघडलं होतं, माझ्याच नावाने, माझाच मोबाइल नंबर टाकून. नानांनी माउस हातात घेतला. अजून ते तो जपून धरतात, गरम कपासारखा. खातं उघडलं, खाली शेऱ्याच्या रकान्यात गेले. नव्यात दोनशे अक्षरं बसतात, पण त्यांनी जुन्या सवयीने थोडक्यात लिहिलं, एकेक अक्षर शोधत. जतन केलं. 'आपली खात्री आहे का?' आलं, त्यावर माझ्याकडे एकदा बघितलं, आणि 'हो' दाबलं.

'सकाळी १० आधी फोन नको.'

आठही ठिकाणी दिसतंय का ते बघितलं. दिसतंय.